बाहेरच्या कुत्र्याचा घास

५ ऑक्टोबर
आज पुन्हा पडले. फाटकातून निघून दहा पावलं झाली नव्हती. समोरून गल्लीतली काळी कुत्री आली, आमच्या कुत्र्याने, ठाणेदारने, हिसका दिला आणि मी गुडघ्यावर. साखळी सुटू दिली नाही एवढंच. तळहात सोलला.
समोरच्या पटलेबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नाव ठाणेदार, अन् कुत्रं पाहून मुतते बाप्पा!"
खरं आहे. भुंकतो म्हणून लोकांना वाटतं चिडला. त्याचं तिथेच मूत होतं.
हळद लावली. हे होते तेव्हा तो असा नव्हता. यांच्या सायकलीमागे कामावर, राइस मिलपर्यंत पळत जायचा, वाटेत कितीही कुत्रे असोत.

६ ऑक्टोबर
नागपूरहून प्राचीचा फोन. पटलेबाईंनी कळवलं असणार.
"आई, बाबांचं वर्षश्राद्ध झालं की तू इकडे यायचं. ठरलंय ना आपलं? ठाणेदार मालूआत्याकडे, कामठ्याला. शेतावर मोकळा राहील."
मालूताईंच्या, माझ्या नणंदेच्या शेतावर तीन कुत्रे आहेत. तसं म्हटलं. प्राची म्हणाली, "जमवून घेतात गं ते आपापसात."
तिच्या दोन खोल्या, चौथा मजला. चूक काही नाही तिचं. मी बासष्टची, एकटी, त्यात पडते. नाही म्हणायला तोंडही नाही.
९ डिसेंबरला तिथी येते. दोन महिने. तीन कुत्र्यांत तो आठवडाभरही टिकणार नाही. तोवर त्याला काही शिकवता आलं तर.

८ ऑक्टोबर
सकाळचं नेहमीचं. पहिली पोळी, भाताची मूद, वर तूप, पळसाच्या पानावर फाटकाबाहेर. हे गेले त्याच्या तेराव्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. तेरवीला मालूताईंनी सांगितलं होतं, वर्षभर रोज जेवायच्या आधी कुत्र्याला घास द्यायचा. मी विचारलं होतं, घरी कुत्रा आहे, त्याला दिला तर? "घरच्याले देल्लं तं काय देल्लं? तो तं तसाबी खातेच. भायेरच्या कुत्र्याले पायजे."
काळी येते, दोन पिवळे येतात, हल्ली एक लंगडाही. खाऊन झाल्यावरही फाटकाशी बसून राहतात. ठा. आतून भुंकून भुंकून थकतो, मग मोरीत जाऊन बसतो. दुपारचं जेवण तसंच पडून.

१० ऑक्टोबर
ऑटो करून जनावरांच्या दवाखान्यात. ऑटोवाला आधी नाही म्हणाला, मग "काटेगा तो नहीं ना आंटी?"
डॉक्टर म्हणजे प्राचीपेक्षा लहान मुलगी. कान, दात, पाय सगळं पाहिलं. दुखणं काही नाही. मागच्या मांडीवर केसांखाली दोन व्रण दाखवले. "हे कधीचं?" मला माहीत नव्हतं. "दातांचे आहेत. दुसऱ्या कुत्र्याच्या." घरातला कुत्रा, मला माहीत नव्हतं.
तिनं सांगितलेलं लिहून ठेवते. तो रागावत नाही, घाबरतो. दूर हो म्हणून ओरडतो. कुत्रा किती लांब असला की याचं तोंड उघडं, अंग सैल राहतं ते आधी बघायचं. तितक्या लांबून सुरुवात. कुत्रा दिसला की लगेच खायला, तेही एरवी कधी मिळत नाही असं काही. तोंड मिटलं, अंग ताठलं की वळून निघायचं. ओढायचं नाही, रागवायचं नाही. गळ्याचा पट्टा काढून छातीचा घालायचा.
"किती दिवस लागतील?"
"दिवस नाही हो काकू. महिने."
"माझ्याकडे दोनच आहेत."
"मग आजच सुरू करा." जाताना विचारलं, घरी कुत्रे दिसतात का त्याला? मी म्हटलं, गल्ली आहे, कुत्रे येणारच.

१२ ऑक्टोबर, रविवार
एरवी न मिळणारं म्हणजे काय ते सुचेना. मग आठवलं. बाजारातून वाळलेली मासळी आणली. हे रविवारी बोदलकशाच्या तलावाकडून आणायचे, स्वतः भाजायचे, मी नाक धरून अंगणात. तेव्हाही ठा.ला डोकंसुद्धा द्यायचे नाहीत, काटा लागेल म्हणून. दहा महिन्यांत तो वास घरात नव्हता.
पुडी सोडली. ठा. मोरीतून उठून आला. माझ्याकडे नाही आला. यांच्या सायकलीजवळ जाऊन बसला.
काटे काढत बसले. बराच वेळ लागला.

१४ ऑक्टोबर
गल्ली संपते तिथलं लहान तळं, बोडी. तिच्या पाळीच्या बांधावरून दूरचं दिसतं, म्हणून ती जागा. टपाल ऑफिसात तीस वर्षं वजनं, मापं. मोजल्याशिवाय काही समजत नाही मला. एका पिवळ्यापासून साठ पावलं. कान उभे, पण तोंड उघडं. मासळी खाल्ली. पन्नासवर तोंड मिटलं, हातातलं हुंगेना. वळले.
साठ.

१७ ऑक्टोबर
तीन दिवस साठच. आज खूप जांभया दिल्या त्याने. मला वाटलं कंटाळला. डॉक्टरला फोन केला, ती म्हणाली ती झोपेची जांभई नव्हे, ताणाची. उद्या सुट्टी द्या त्याला. मलाही हवी होती.
किराणावाला रोज एकच विचारतो. "आंटी, आप कुत्ते को घुमाती हो कि कुत्ता आपको?"
पटलेबाईंना वास लागला. "कुत्र्याले मासे चारून राहिल्या अन् सोता वरणभात! बाप्पा, पुढच्या जन्मी तुमच्या घरी कुत्रं होतो मी."
हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. आमच्याकडे यंदा नाही. संध्याकाळपासून फटाके. ठा. मोरीत, मी मोरीच्या उंबऱ्यावर, रेडिओ मोठ्याने. प्राचीने व्हिडिओ फोन केला, "आई, तू बाथरूममध्ये काय करतेस?"

२४ ऑक्टोबर
पुन्हा बोडीवर. साठावर भुंकला. ऐंशीवरही. सगळं वाहून गेलं.
त्याचं काही नाही, मीच रागावले. ओरडले त्याच्यावर पाळीवर, लोक बघत होते. तो जमिनीला चिकटला. मग तसेच दोघं बसून राहिलो. उठवेना.

२७ ऑक्टोबर
पटलेबाई भाजी निवडायला आमच्याकडे. ठा.च्या मांडीवरचे व्रण दाखवले, सहज.
"ते? ते तं तेरवीचे."
कसले?
"तुमाले नाई माहीत? तेरवीले त्याले फाटकाले बांधून ठेवलं होतं ना. जेवणं झाली, पोट्ट्यांनी पत्रावळी तिथंच फेकल्या. आठ-दहा कुत्रे आले. बांधलेलं जनावर, पळन कुठं? माह्या मालकानं बादलीभर पाणी मारलं तवा सुटलं."
सांगितलं का नाही म्हटलं.
"कायले सांगतो? तुमच्याकडे तवा पाहावत नोतं."
त्या गेल्यावर भाजी तशीच राहिली. पाहुणे येणार, मध्ये मध्ये करेल म्हणून त्याला बांधला होता. मीच. गाठ पक्की आहे ना ते दोनदा पाहिलं होतं.

२८ ऑक्टोबर
सकाळी घास वाढताना एकही कुत्रा नव्हता बाहेर. तुपाच्या भांड्याचं झाकण काढलं. तेवढाच आवाज. ठा. उठला, शेपूट पोटाखाली, मोरीत गेला.
कुत्रे अजून यायचे होते.
पान हातात घेऊन उभी राहिले. दहा महिने रोज मी हे पान घेऊन फाटकाकडे जाते, तोंड रस्त्याकडे, पाठ त्याच्याकडे. यांच्या नावाने. ज्या जागी त्याला फाडला, त्याच जागी, त्याच कुत्र्यांना, रोज बोलावून. आणि दुपारी बोडीवर नेऊन त्याला सांगते, घाबरू नको.
डॉक्टरने विचारलं होतं. गल्ली आहे म्हटलं मी.

२९ ऑक्टोबर
घास ठेवला नाही. मग मलाही जेववेना. कुत्रे आले, बसून राहिले. काळी सारखी फाटकाकडे बघत होती.
मालूताईंना फोन केला. घास फाटकाबाहेर न ठेवता दुसरीकडे ठेवला तर चालेल का.
"काऊन? दहा महिने चाललं, आता दीड महिन्यासाठी जागा बदलून राहिली?"
कारण सांगितलं.
"कुत्र्यापायी? माह्या भावाचा घास आहे तो, सुमन."
मी म्हटलं, कुत्राही त्यांचाच आहे.
फोन त्यांनी ठेवला. चाळीस वर्षांत त्यांना उलट बोलले नव्हते.

३० ऑक्टोबर
पान घेऊन बोडीवर गेले. कुत्र्यांना काय माहीत. ते फाटकाशी, घास बोडीवर. पान घेऊन परत आले, त्यांना बोलावलं. पुढे मी पान धरून, मागे चार कुत्रे, लंगडा सगळ्यात मागे. किराणावाला दुकानाबाहेर आला. "आंटी, बारात किधर चली?"
बोडीवरच्या पळसाखाली ठेवलं. खाल्लं त्यांनी. हात जोडले, आले.

४ नोव्हेंबर
सहावा दिवस. कुत्रे आता परस्पर बोडीवर जाऊन बसतात, माझ्या आधी. फाटक मोकळं. तुपाचं भांडं वाजलं की ठा. अजून मोरीत जातो. भांडं बदललं. आता तूप वाटीत.
आज दुपारी जेवला. सगळं.

७ नोव्हेंबर
डॉक्टरशी बोलले. ती म्हणाली, खाताना ते कुत्रे याच्याकडे बघणार नाहीत, त्याच वेळी याला लांब उभं करा. चांगली संधी आहे. पण मी एकटी. घास ठेवून, घरी येऊन ठा.ला घेऊन जाईपर्यंत पान चाटून साफ.
पटलेबाई म्हणाल्या, "तुम्ही हात लावून द्या, नेऊन ठेवतो मी. घास तुमचाच, पाय माहे."
मालूताईंना चाललं नसतं. विचारलं नाही.

१० नोव्हेंबर
पन्नास पावलं. पटलेबाईंनी पान ठेवलं, वरून मला ओरडून, "हं, सुरू झाली पंगत!" ठा. बघत होता. अंग ताठ, पण तोंड उघडं. मासळी दिली. खाल्ली. पुन्हा बघितलं. पुन्हा दिली. चौघांचं खाऊन व्हायच्या आत वळलो.
थंडी पडली. मिलमध्ये नवं धान आलं, कोंड्याची धूळ इथपर्यंत येते. हे अशाच कोंड्याच्या ढिगातून त्याला उचलून घरी घेऊन आले होते. मुठीएवढा होता, तरी मिलच्या मुकादमावर गुरगुरला म्हणून ठाणेदार.

१५ नोव्हेंबर
कामठ्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. मालूताईंनी बोलावलं, फोनचं काही मनात न ठेवता. रात्रीच्या दंडारीच्या खेळाला नाही थांबले, वर्ष व्हायचंय. भेटून आले. तीनही कुत्रे पाहिले. एक साखळीला, मोठा, दात दाखवतो. मालूताई मला गोठ्यात घेऊन गेल्या. एका कोपऱ्यात पोतं घातलेलं, बाजूला पाण्याचं घमेलं, मध्ये आडोशाला बांबूचा ताटवा. "हे त्याच्यासाठी केलं. माह्या भावाचं जनावर आहे, हाल नाई होऊ देणार."
मला वाटलं होतं त्याला न्यायचं त्या विसरल्या असतील. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी आल्यावर ठा.ने माझ्या लुगड्याचा काठ कितीतरी वेळ हुंगला. तिघांचा वास. रात्री जेवला नाही.

१९ नोव्हेंबर
चाळीस. आज दोन वेळा बघून आपणहून माझ्याकडे वळला. मासळीसाठी असेल. डॉक्टर म्हणते त्यासाठीच असू द्या, तेच हवंय.

२३ नोव्हेंबर
कमरेत धरलं. पाळीवर गेलो नाही. पटलेबाई एकट्या घास ठेवून आल्या.
पडल्या पडल्या विचार. जितकं त्याला जमतंय तितका कामठा जवळ येतोय. तो सुधारला नाही तर पाठवता येणार नाही. सुधारला तर न पाठवायला कारण उरत नाही. मग मी पहाटे उठून काटे कशासाठी काढते.
तरी उद्याचे काढून ठेवले.

२८ नोव्हेंबर
परतताना वळणावर लंगडा एकदम समोर. दहा पावलंही नव्हती. ठा. ताठला, पाठीचे केस उभे, भुंकला एकदा. मी साखळी ओढली नाही. नुसतं "चल" म्हटलं. आवाज माझा मलाच कसातरी वाटला. आणि तो वळला. माझ्याबरोबर वळला.
घरी येऊन दोघंही ओसरीत बसलो. यांना सांगावंसं वाटलं. आतल्या खोलीकडे बघून हाकही मारणार होते.

३ डिसेंबर
पंचवीस. तीन दिवस तिथेच आहोत. घाई करत नाही. दिवस कमी आहेत तरी.

७ डिसेंबर
प्राची आली. सकाळी आमच्याबरोबर पाळीवर. तिच्या हातात साखळी दिली, कशी सैल धरायची ते दाखवलं. वीस पावलं. ठा. बसला. चौघं खात होते, हा बघत होता, मध्येच प्राचीच्या हाताकडे.
ती म्हणाली, "आई, हे सगळं तू केलंस?" मग डोळे पुसले.
परत येताना म्हणाली, "किती शांत झालाय. म्हणजे आत्याकडे जमेल आता त्याला. हो ना?"
मी म्हटलं, वीस पावलांवर जमतं. कामठ्याला गोठा आहे, पावलं नाहीत.
तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. फोन आला तिचा.

९ डिसेंबर
वर्षश्राद्ध झालं. पिंडदान झालं. पिंडाला कावळा लवकर शिवला, सगळे म्हणाले समाधानाने गेले. कुत्र्याचं पान मालूताईंनी वाढलं आणि फाटकाकडे निघाल्या. "आज तं फाटकावरच. अखेरचा घास."
मी म्हटलं, बोडीवर. सगळ्या पाहुण्यांसमोर. भटजीही बघत होते.
मालूताई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग चल. मी ठेवतो. तू घे तुह्या ठाणेदाराले."
पळसाखाली त्यांनी स्वतः पान ठेवलं, हात जोडले. मग माझ्याकडे आल्या, धापा टाकत. अठरा पावलं. आज काळी एकटीच आली. खाण्याआधी तिनं मान उचलून सरळ आमच्याकडे पाहिलं. ठा.ने तिच्याकडे पाहिलं, ओठ चाटले, मग तोंड फिरवून माझ्याकडे.
डबा उघडला. मालूताईंना वास गेला.
"काय देऊन राहिली त्याले?"
"मासळी."
"आजच्या दिवशी?"
"यांना आवडायची."
काळी खात होती. मग म्हणाल्या, "दे मंग." थोड्या वेळाने, "मले दे इकडे एक." त्यांच्या हातून त्याने तुकडा घेतला, हळूच, बोटं सांभाळून. त्या पदर तोंडाला लावून उभ्या.
घरी येताना एवढंच म्हणाल्या, "आमचा मोठा कुत्रा लय वंगाळ आहे गा, ठाणेदार." मला नाही, त्याला.
पण गोठ्यातलं पोतं काढून टाकते असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांचा मुलगा उद्या दहाला गाडी घेऊन येणार हे कालच ठरलंय, आणि प्राचीने अकराच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. माझी बॅग तिनं भरून ठेवली. छातीचा पट्टा विचारत होती, कुठे ठेवू. म्हटलं, खुंटीवरच राहू दे, सकाळी लागेल.
वर्ष संपलं. उद्यापासून घास ठेवायचं बंधन नाही. काळी येऊन बसणार पळसाखाली, तिला कुणी सांगितलं नाही.
कणीक भिजवताना एका पोळीची जास्त भिजवली. काटे काढून झालेत. पटलेबाई फाटकातून विचारून गेल्या, "उद्या येऊ ना?"
या म्हटलं. आठला.